कापूस, आयोडीन आणि सात घरं

पुणे
३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

काल पहाटे पोचले. फोनवर मी बोलते ते तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि आवाज चढवला की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

निघताना घाई झाली, म्हणून पुन्हा क्रमानं सांगते. मला वीस जानेवारीला जर्मनीतल्या हॉस्पिटलात हजर व्हायचंय. पुण्याची खोली सोडली. आता नर्सेस हॉस्टेलवर आहे, तिथं मांजर चालत नाही. कापूस आणि आयोडीन, दोघांच्याही कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलीय, त्यानंतर रेबीजची लस झाली, लसीनंतर महिन्यानं रक्त काढलं. रिपोर्ट चांगला आलाय, पण तिकडच्या नियमानं रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. ते बारा डिसेंबरला संपतात. तोवर दोघं तुमच्याकडं राहणार आणि तेवढ्यात त्यांना प्रवासाची सवय लागायला हवी.

सवय अजिबात नाही. मुरूमला येताना कापूस इंदापूरपर्यंत ओरडत होता, हे तुम्हाला सांगितलंच. त्यानंतर त्यानं पिशवीत घाण केली आणि सोलापूर येईपर्यंत जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, हे सांगितलं नव्हतं. जर्मनीच्या घरापर्यंत वीस तास लागणार आहेत.

झोपेचं औषध द्यायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय, गुंगीतल्या मांजराला विमानात श्वासाचा त्रास होऊ शकतो. पिशवी दिवसरात्र उघडी ठेवा, आत तुमची जुनी साडी अंथरा, जेवण आतच द्या. चार-आठ दिवसांनी चेन लावून पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास, असं वाढवत न्या. वरून पातळ कापड टाकलं की ती शांत होतात. पिशवीसकट दोघांचं वजन आठ किलोच्या आत हवं, तरच ती विमानात माझ्या पायाशी बसतील. कापसाला दूध देऊ नका, तो मागेल.

घराबाहेर नेताना दोन्ही चेन लावायच्या आणि वरून मी दिलेला हुक अडकवायचा. मग पुन्हा एकदा तपासायचं. कितीही ओरडली तरी रस्त्यात पिशवी उघडायची नाही. आत्या, एवढं एक नक्की पाळा.

मी त्यांना टाकून जाणार नाही. त्यांना जमलं नाही तर नोकरीला नाही कळवेन. हे ठरलंय, त्यावर मला समजावू नका.

तुमची,
पौर्णिमा


मुरूम
११ ऑक्टोबर २०२४

चि. पौर्णिमास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. दोन्ही अंगांनी लिहिलेला, वर समासात उभा. म्या तेहतीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली, लसीकरणाची रजिस्टरं भरली, पण एवढ्या सूचना सरकारनं बी मला कधी धाडल्या न्हाईत. चिकटवलाय कपाटात. कपाट उघडलं की आधी तूच बोलतीस.

आता हालहवाल. कापूस तीन दिवस बाजंखालून बाहेर आला न्हाय. चौथ्या दिवशी आला अन् माझ्या चपलंवर बसला. तिथंच बसतो, मला अनवाणी हिंडावं लागतं. आयोडीन धीट हाय. पण काय गं हे नाव! मी दारात उभं राहून "आयोडीन, ए आयोडीन" म्हणून हाका मारते तर समोरची गायत्री धावत आली, म्हणे आत्या, कुठं लागलं? गायत्री म्हणजे आपल्या जुन्या घरमालकाची, बंडप्पाची, सून. तवापासनं मी आयडू म्हणते.

वजन केलं. बाळं तोलायचा लटकता काटा माझ्याकडं हाय, निवृत्त होताना जुना म्हणून मलाच दिला व्हता. झोळीत कापूस तीन किलो नऊशे, आयडू दोन किलो नऊशे, पिशवी सव्वा. आठाच्या वर जातंय. कापसाला कमी करावं लागंल. दूध मागतो तू म्हणलीस ते खरं हाय, अन् मागताना माझ्या तोंडाकडं बघतो, ते तू लिहिलं न्हवतंस.

पिशवीत जेवतात. चेन लावली की कापूस असा काय ओरडतो की गल्लीतली माणसं थांबतात. घरातल्या घरात बसून हे जमायचं न्हाय. मला एक सुचलंय. मांजरीण डोळं न उघडलेली पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवती, हे तुला ठावं हाय. त्यानं पिल्लाची भीती मोडती. ही तुझी दोघं दुकानातल्या पिंजऱ्यात जन्मली, यांना कुणी फिरवलं? तर आता मी फिरवते. आठवड्याला एक-दोन घरं. पिशवीतनं न्यायचं, अर्धा तास बसायचं, परत यायचं. माझी जन्माची ओळख सुईवाली बाई म्हणून हाय, मला कोण दारातनं परत धाडंल?

तू जेवत जा. हॉस्टेलचं जेवण म्हणजे काय असतंय ते मला म्हाईत हाय.

तुझी आत्या,
मालन


पुणे
१७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सात घरं वाचून मला घामच फुटला. दिवसभर वॉर्डात तेच डोक्यात होतं. कुणाच्या घरी कुत्रं असेल, कुणी तरी हौसेनं "बघू तरी" म्हणून चेन उघडेल, दार उघडं असेल. मुरूमला गल्लीतून एकदा निसटलं की कोण शोधणार?

पण तीन दिवस विचार केल्यावर पटलं. डॉक्टरांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, वेगवेगळ्या जागा, वेगवेगळे वास, आणि दरवेळी परत आपल्या घरी. म्हणजे पिशवीत गेलं तरी परत येतो हे त्यांना कळतं. त्यांना सातचा आकडा माहीत नव्हता.

तेव्हा करा. पण हुक. पिशवी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. बसताना दोन पायांच्या मध्ये ठेवा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, मुलं गुपचूप उघडतात. आणि प्रत्येक फेरीनंतर मला दोन ओळी टाका.

इकडं जर्मनची परीक्षा झाली. पास होईन.

तुमची,
पौर्णिमा


मुरूम
६ नोव्हेंबर २०२४

चि. पौर्णिमास,
जयभीम.

दोन ओळी टाक म्हणलीस, पण दिवाळीत फटाक्यांनी दोघांची पार दैना केली, त्यात राहून गेलं. पाच दिवस धान्याच्या कोठीमागं व्हती. पण ऐक, सहाव्या दिवशी पुन्हा फटाका वाजला तवा कापूस कुठं शिरला म्हाईत हाय का? पिशवीत. आपणहून. मला लई बरं वाटलं.

चार घरं झाली. पोलिओच्या वेळी आम्ही घराच्या भिंतीवर खडूनं खूण करायचो ना, तशीच करते. तारीख, मिनिटं, गप्प बसली तर बरोबर, ओरडली तर फुली. पहिलं घर शाळेतल्या बाईंचं, फुली. दुसरं गिरणीवाल्याचं. तिथं मुद्दाम गेले. गिरणी चालू झाली की शेजारच्याचं बोलणं बी कळत न्हाय, मला म्हणलं हेच विमान. पहिली दहा मिनिटं दोघांनी पिशवीचा तळ खरवडला, मग पिठानं पांढरी व्हऊन बसून राहिली. कापूस आधीच पांढरा, आयडूला ओळखंना. तिथं अर्धी फुली. तिसऱ्या अन् चौथ्या घरी बरोबर. चौथ्या घरची म्हातारी म्हणली, या मांजरांची लस करायची ऱ्हायली का?

अन् एक जास्तीचं केलं. शेजारचा उत्तरेश्वर जीप घेऊन नळदुर्गला चालला व्हता, त्याच्यासंगं गेले. हायवेच्या कडंला ढाब्यावर पाऊण तास बसले, पिशवी दोन पायांत, वर कापड. ट्रक चालले व्हते, हॉर्न, एअरब्रेक, सगळं. एकदा बी ओरडली न्हाईत. तू नऊ वर्षांची व्हतीस तवा येडशीहून माझी बदली झाली, टेम्पोनं सामान आणताना आपण तिथंच थांबलो व्हतो. तुला भजी घेतली व्हती, तू खाल्ली न्हाईस. ढाबा आता दुमजली झालाय.

कापूस तीन किलो सातशेवर आला. हुक लावते गं माय, लावते. चेन, हुक, त्यावर माझ्या मनानं सुतळी बी बांधते. तुला एवढी कसली भीती? वाघ न्हाय नेत मी.

तुझी आत्या,
मालन


पुणे
१३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

नळदुर्गला पुन्हा नेऊ नका.

तुम्ही विचारलंत कसली भीती. दोन गोष्टी सांगते. पहिली नवी आहे. प्रवासाची कागदपत्रं करून देणाऱ्या माणसाकडं काल गेले होते. तो सहज म्हणाला, विमानतळावर तपासणीला मांजर पिशवीतून बाहेर काढावं लागतं. पिशवी मशीनमधून जाते आणि मांजर कडेवर घेऊन आपण त्या चौकटीतून जायचं. दोन मांजरं असतील तर एकानंतर एक. भोवती शेकडो माणसं, घोषणा, ट्रे आपटल्याचे आवाज. तिथं पिशवी मला माझ्या हातानं उघडायचीय.

दुसरी जुनी आहे. टेम्पोत सामानाच्या वर तुम्ही माझ्या मांजरीचं, चवळीचं, झाकणाचं डालगं ठेवलं होतं, त्यावर फडकं बांधलं होतं. चवळी आत झोपलीय, हात लावू नको, असं तुम्ही म्हणाला होतात. येडशीपासून ती एकदाही ओरडली नाही. मला वाटलं तिचा श्वास कोंडला. नळदुर्गला तुम्ही चहा घेत होता तेव्हा मी टेम्पोच्या चाकावर पाय देऊन चढले आणि फडक्याची एक गाठ सोडली. एकच. दोन बोटं जातील एवढी फट केली आणि उतरले. मुरूमला डालगं खाली घेतलं तेव्हा फडकं लोंबत होतं आणि आत तुमच्या जुन्या लुगड्याशिवाय काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, गाठ सुटली, नळदुर्गात पळाली वाटतं.

तेवीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही. भजी का खाल्ली नाहीत ते आता कळलं असेल. ट्रकखाली गेली असेल, कुत्र्यांनी फाडली असेल, हे सगळं माझं बघून झालंय, डोळे मिटले की दिसायचं. अजूनही हॉस्पिटलात सलाईनची नळी जोडली की मी दोनदा मागे वळून बघते. सगळ्यांना वाटतं मी कामाला पक्की आहे.

म्हणून मी आता वेगळं ठरवलंय. मी नोकरीला जाईन, ती दोघं तुमच्याकडं राहू देत. तुमच्याकडं ती रमलीत. माझ्या हातून मांजर निसटतं. तुम्ही कशाला एवढे कष्ट घेता, बाकीची घरं राहू देत.

तुमची,
पौर्णिमा


मुरूम
२१ नोव्हेंबर २०२४

पौर्णिमा,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. रोज कागद घेऊन बसते अन् उठते. आता एका दमात लिहिते, तू बी एका दमात वाच.

डालग्यात चवळी न्हवतीच.

निघायच्या दिवशी सकाळी तू शाळेत दाखला आणायला गेली व्हतीस तवा म्या तिला कडूबाईकडं दिली. दवाखान्यात झाडलोट करायची ती कडूबाई, मागच्या खोलीत ऱ्हायची. डालग्यात लुगडं घातलं, फडकं बांधलं अन् वर ठेवलं. वाटंत कुठं तरी पळाली असं सांगायचं मनाशी ठरवलं व्हतं.

का दिली ते सांगते. मुरूमला दवाखान्याचं क्वार्टर मिळालं न्हाय. भाड्यानं खोली बघायला आले, तीन घरांनी आधी आडनाव विचारलं, मग खोली दिलेली हाय म्हणले. चौथा बंडप्पा. त्यानं आडनाव विचारलं न्हाय. म्हणला, बाई, खोली घ्या, पण मांजर-कुत्रं चालायचं न्हाय. मी व्हय म्हणले. हातची खोली गेली असती तर तुला घेऊन कुठं जाणार व्हते? तुझ्या आईला जाऊन वरीस बी झालं न्हवतं.

हे झालं मांजर देण्याचं कारण. तुला न सांगण्याचं कारण हे न्हवं. तू रडशील, मला निघायचं हाय, सामान बांधायचं हाय, एवढंच माझ्या डोक्यात व्हतं. आमच्या कामात सुई टोचायची अन् लगीच पोराला दुसरीकडं बघायला लावायचं. ते बघ चिमणी, म्हणायचं. पोर विसरतं. हजारो पोरांना तसं केलं, तुला बी तेच केलं. मुरूमला फडकं लोंबलेलं दिसलं तवा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. सांगायला कारण आयतंच मिळालं. ती गाठ कुणी सोडली हे माझ्या ध्यानीमनी बी आलं न्हाय. तू चार दिवस जेवली न्हाईस, म्या म्हणलं, पोर हाय, विसरंल.

तू तेवीस वर्षं हे घेऊन हिंडलीस हे वाचून माझा जीव थाऱ्यावर न्हाय. माझं चुकलं. मांजर देण्यात न्हाय, पण पुढं चुकलं.

चवळी त्या पुढं लई वर्षं जगली. येडशीला मीटिंगला गेले तवा दोनदा म्या तिला बघितली, दवाखान्याच्या पायरीवर उन्हात. घरी येऊन तुला सांगितलं न्हाय, कारण मग आधीचं सांगावं लागलं असतं.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी सातवं घर केलं. मुद्दाम बंडप्पाचं ठेवलं व्हतं. आता तो खाटंवरच असतो. गायत्रीनं चहा ठेवला. म्हाताऱ्यानं पिशवीच्या जाळीतनं बोट घातलं, कापसानं चाटलं. म्हणतो कसा, "बाई, तवा बी तुमच्याकडं मांजर व्हती न्हवं? आणायची व्हती की. म्या कवा न्हाय म्हणलो?" त्याला आठवत बी न्हाय. मला एवढा राग आला की चहा तसाच टाकून उठले. घरी आल्यावर कळलं की राग त्याचा न्हवता. त्याला पुन्यांदा विचारायला पाहिजे व्हतं, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. म्या विचारलंच न्हाय.

दोन्ही मांजरं मी ठेवून घेणार न्हाय. मला त्यांचा लळा लागलाय, ते वेगळं. पण तू ती दोघं ज्या कारणानं टाकून चालली हाईस ते कारणच खोटं हाय, अन् ते माझं हाय. तुझ्या हातनं आजवर एक बी मांजर निसटलेलं न्हाय. हे तू भिंतीवर लिहून ठेव.

मालन


मुरूम
१६ डिसेंबर २०२४

चि. पौर्णिमास,
जयभीम.

तुझं उत्तर न्हाय. फोन उचलतीस, "बरी आहे" म्हणतीस, ठेवतीस. ठीक हाय. पण तारखा थांबत न्हाईत म्हणून लिहिते.

बारा तारीख झाली, तीन महिने भरले. वजन पिशवीसकट सात किलो सातशे. पिशवीत दोघं तीन तास गप्प बसतात. आता बाहेर काढायची सवय लावते. मांजराच्या छातीला बांधायचा पट्टा लातूरहून मागवला, आधी पट्टा, मग पिशवीतली साडी, साडीसकट उचलायचं, तोंड आपल्या खांद्यात. मी बाजाराच्या दिवशी मंडईच्या तोंडाशी उभी ऱ्हाते, कापसाला काढते, वीस पावलं चालते, परत ठेवते. मग आयडू. मंडईतली माणसं आधी हसायची, आता वाट देतात. चार बाजारांत मिळून नऊ फेऱ्या केल्या, कुणी निसटलं न्हाय. नखं तेवढी कापून ने, माझा खांदा सोलून निघालाय.

तू न्यायला आलीस तर सगळं तयार हाय. न्हाय आलीस तर तसं कळव.

आत्या


पुणे
२७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

पाच जानेवारीला गाडी घेऊन येते. सकाळी पोचेन, दुपारी निघेन. सरकारी डॉक्टरांचा दाखला निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांत घ्यावा लागतो, तो पुण्यात घेईन.

आल्यावर त्या पत्राबद्दल बोलू नका. मला समोर बसून जमणार नाही.

पौर्णिमा


लाइपझिग, जर्मनी
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पोचल्याचा फोन केला होता, बाकीचं आता लिहिते.

त्या दिवशी तुमच्याकडं मी तीन तास होते आणि आपण फक्त मांजरांचं बोललो. तुम्ही शब्द पाळलात. निघताना तुम्ही गाडीत पिशवी ठेवली, हुक लावला, आणि माझ्याकडं बघून मग काढला. "आता तूच लाव," म्हणालात. मी लावला. दाखल्यासाठी पुण्यात मैत्रिणीकडं थांबलो ते सोडून मुंबईपर्यंत दहा तास लागले, कापूस एकदाच ओरडला, तोही लोणावळ्याला.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत मी हुक तीनदा तपासला. तिथल्या बाई म्हणाल्या, बाहेर काढा. मी चेन उघडली. कापूस आत साडीत तोंड खुपसून बसला होता. साडीसकट उचलला, त्यानं तोंड माझ्या खांद्यात घातलं, चारी पाय माझ्या अंगाला घट्ट धरले आणि तसाच राहिला. चौकटीतून गेले, आले, ठेवला. मग आयोडीन. तिनं त्या बाईंचा बिल्ला हुंगला. सगळं मिळून चार मिनिटं लागली. पलीकडं खुर्चीवर बसले आणि रडायला लागले. दोन माणसांनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं घर सोडून चालले म्हणून रडतेय. मी त्या टेम्पोच्या चाकावर चढलेल्या पोरीसाठी रडत होते. नऊ वर्षांची होते हो मी, आत्या.

विमानात दोघं झोपली. उतरल्यावर साहेबानं यंत्र फिरवून चिप वाचली, कागद बघितले, हात हलवून जा म्हणाला. इथलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. करारावर मी "दोन मांजरं" आधीच लिहून दिलं होतं, मालकिणीनं पुढं सही केली. आयोडीन खिडकीत बसून बर्फ बघते. कापूस आठ दिवस कपाटावर होता, आता माझ्या बुटांवर बसतो.

आता ते पत्र. तुमच्यावर मला राग आहे. डिसेंबरभर मी तुम्हाला उत्तर लिहायला बसत होते आणि फाडत होते. तुम्ही खोली का धरली ते मला समजतं. तुमच्या जागी मीही धरली असती. पण रात्री माझ्याशेजारी झोपत होता तुम्ही, एकदा तरी विचारायचं होतं, पोरी, जेवत का नाहीस. राग जाईल असं वाटतं. अजून गेलेला नाही, आणि नाही गेला तरी मी पत्र लिहीत राहणार आहे.

आणि तुम्ही ते लिहिलंत, हेही खरं. लिहिलं नसतंत तर मी त्यांना तुमच्याकडं टाकून आले असते, आणि तुम्हाला दोन मांजरं मिळाली असती.

एक विचारायचंय. चवळी एवढी वर्षं तिकडं जगली, तिला कडूबाई काय नावानं हाक मारायच्या? मला तिचं पुढचं काहीच माहीत नाही.

तुमची,
पौर्णिमा


मुरूम
२४ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र पोचलं. रागाचं वाचलं. असू दे, हाय तो हक्काचा हाय.

तू विचारलंस ते मला ठाऊक न्हवतं. म्या कधी विचारलंच न्हवतं. म्हणून परवा एसटीनं येडशीला गेले. तुळजापूरला गाडी बदलावी लागली, गुडघा धरला, पण गेले. कडूबाई हाय अजून, डोळ्याला कमी दिसतंय, लेकाकडं असती. आवाजावरनं वळखलं मला. म्हणली, सुईवाल्या बाई, आज कुणाला टोचायला आलात?

म्या म्हणलं, ती मांजर. तिला समदं आठवतंय. पहिले पंधरा दिवस चवळी आपल्या बंद क्वार्टरच्या दारात बसायची, हे तिनं सांगितलं. तुला सांगू का नको असं वाटंत कितीदा आलं. सांगतेच, आता काही ठेवून घ्यायचं न्हाय. मग हळूहळू कडूबाईच्या घरात झोपायला लागली. बारा वर्षं जगली. चार वेळा व्याली, तिची पिल्लं सगळ्या वस्तीत गेली. थंडीच्या दिवसांत म्हातारपणानं मेली, चुलीपाशी. तिला लिंबाखाली पुरली.

म्या विचारलं, तिला तू काय नावानं हाक मारायचीस?

कडूबाई म्हणली, "नाव कशाला ठेवू बाई मी? दुसऱ्याची वस्तू. पोरगी न्यायला येईल म्हणून बसले व्हते. आमी सगळे तिला पौर्णिमाची मांजर म्हणायचो. मरंस्तोवर तेच म्हणलं."

तुझी आत्या,
मालन